शेती व्यवस्थापक कसा घडवायचा? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळी शेतमालक, व्यवस्थापक आणि प्रशिक्षक अशा तिघांचीही पत्रे आली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी अडचण बहुतेकांची एकाच जागी आहे: पिकाची माहिती भरपूर असते, पण मोजून निर्णय घ्यायची आणि तो पुन्हा तपासायची सवय कोणी लावलेली नसते. उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न: कृषी पदवीधर तरुणाला शेतावर व्यवस्थापक म्हणून घेतले आहे. रोग-किडी, खते, वाण सगळे तोंडपाठ. पण सकाळी बारा माणसे आणि दोन ट्रॅक्टर समोर उभे राहिले की त्याला काही सुचत नाही. पेरणी दर हंगामात लांबते. त्याला आधी काय शिकवावे?

उत्तर: आधी कामाचा हिशेब शिकवा. एका दिवसात किती क्षेत्र उरकते हे त्याला कागदावर काढता आले पाहिजे. ताशी किलोमीटरमधला वेग गुणिले अवजाराची मीटरमधली रुंदी गुणिले कार्यक्षमता, भागिले १०. उत्तर येते ताशी हेक्टरमध्ये. २ मीटर रुंदीचे पेरणी यंत्र ताशी ५ किलोमीटरने चालले तर नुसत्या गुणाकाराने तासाला १ हेक्टर होतो. प्रत्यक्षात वळणे, पेटीत बी-खत भरणे, नळीत अडकलेली माती काढणे यांत वेळ जातो. कार्यक्षमता ०.७ धरली तर तासाला ०.७ हेक्टर आणि आठ तासांत ५.६ हेक्टर. म्हणजे ४० हेक्टरांना आठ दिवस. जमिनीचा वाफसा, म्हणजे पेरणीजोगा ओलावा, पाच दिवसच टिकणार असेल तर उरलेली पेरणी कोरड्यात जाणार, हे पहिल्याच दिवशी कळायला हवे. पेरणी लांबते ती बहुधा या न केलेल्या गुणाकारामुळे.

हिशेब झाला की पर्याय आपोआप समोर येतात. दोन पाळ्या लावून १२ तास यंत्र चालवले तर दिवसाला ८.४ हेक्टर होतात आणि ४० हेक्टर पाच दिवसांत बसतात. दुसरे यंत्र भाड्याने आणता येईल. हलक्या जमिनीचा वाफसा आधी येतो आणि आधी जातो, म्हणून तिथून सुरुवात करून भारी जमीन मागे ठेवता येईल. यांतले काय करायचे ते त्यानेच सांगावे, कारणासकट.

कार्यक्षमतेचा आकडा मात्र पुस्तकातून घेऊ देऊ नका. घड्याळ आणि वही देऊन त्याला दोन तास बांधावर बसवा. यंत्र किती वाजता थांबले, का थांबले, किती मिनिटांनी चालले, एवढेच टिपायचे. बियाण्याची पोती शेताच्या एकाच टोकाला असल्यामुळे यंत्र दर खेपेला रिकामे फिरते, असे काहीतरी त्यात हमखास सापडते. पेटी किती फेऱ्यांत रिकामी होते ते मोजून पोती त्या त्या ठिकाणी आधीच नेऊन ठेवली, तर एक पैसा न घालता कार्यक्षमता वाढते.

सकाळच्या गोंधळावर उपाय आदल्या संध्याकाळी करायचा असतो. उद्याचे प्रत्येक काम पाच गोष्टींसह लिहायचे: कोण, कोणता तुकडा, कोणते अवजार, किती काम, आणि काम नीट झाले हे कशावरून ओळखायचे. ही पाचवी गोष्ट सर्वांत जास्त राहून जाते. ‘खुरपणी करा’ एवढेच सांगितले तर तण मुळासकट निघाले की वरवर कापले गेले, यावरून नंतर वाद होतात. शेजारी दुसरा रकाना ठेवा: पाऊस आला तर काय. अवजारांची डागडुजी, पोती शिवणे, गोदाम आवरणे ही कामे त्या रकान्यासाठी राखून ठेवावीत.

आणि एक निर्णयवही सुरू करा. तारीख, शेतात काय दिसले, कोणते पर्याय होते, कोणता निवडला, त्यातून कधीपर्यंत काय घडेल असा अंदाज आहे, आणि शेवटी काय घडले. आठवड्याला दोन नोंदी पुरेत. अंदाजाचा रकाना निर्णयाच्याच दिवशी भरायचा. मागाहून भरला तर माणूस नकळत निकालाला जुळणारा अंदाज लिहितो आणि वहीतून शिकण्यासारखे काही उरत नाही.

प्रश्न: आमच्या संस्थेत व्यवस्थापकांसाठी तीन दिवसांची शिबिरे होतात. प्रतिसाद चांगला असतो, पण शेतावर परतल्यावर सगळे पूर्वीसारखेच. शिबिरात काय बदलावे?

उत्तर: तीन दिवस सलग घेण्याऐवजी तेवढेच तास हंगामभर पसरवा. शेतीतले निर्णय पिकाच्या वाढीबरोबर येतात. पेरणीआधी सांगितलेली फुलोऱ्यातली गोष्ट फुलोरा येईपर्यंत विसरलेली असते.

याचा चांगला नमुना उपलब्ध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरील किडींसाठी शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू केल्या. साधारण पंचवीस जणांचा गट दर आठवड्याला त्याच शेतात जमायचा. रोपे, किडी, मित्रकीटक, पाणी बघायचे, दिसले ते मोठ्या कागदावर चितारायचे, त्यावर चर्चा करून या आठवड्यात काय करायचे ते ठरवायचे. फवारणी करायची की नाही हे मोजणीवरून ठरे, तारखेवरून नाही.

व्यवस्थापकांसाठी १२ ते १५ जणांचा गट आणि पंधरवड्याला एक अर्धा दिवस पुरतो. पहिला तास शेतात मोजणीला द्या: फुटवे, किडींची संख्या, ओलावा, ड्रिपरचा (ठिबकच्या थेंब सोडणाऱ्या तोटीचा) प्रवाह, जे त्या वेळी लागू असेल ते. मग तीन-चार जणांचे गट आपापला तक्ता मांडतील आणि निर्णय सुचवतील. त्यानंतर मागच्या खेपेच्या निर्णयाचे काय झाले ते तपासायचे. प्रशिक्षकाचे बोलणे सर्वांत शेवटी आणि अर्ध्या तासाच्या आत. सरावाच्या शेतात दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवा, एकात नेहमीची पद्धत आणि दुसऱ्यात गटाने ठरवलेली. दोन्हींचा खर्च आणि उत्पादन वेगळे लिहा.

हे बिघडते ते तीन कारणांनी. पहिले, वेळापत्रक वर्गखोलीच्या सोयीने लावतात आणि दोन बैठका ऐन काढणीत येतात. दुसरे, मालक जो मोकळा असेल त्याला पाठवतो आणि निर्णय घेणारा माणूस शेतावरच राहतो. तिसरे कारण सगळ्यात जड आहे. शिकून आलेल्याला काही ठरवायचा अधिकारच नसतो. प्रवेश देतानाच मालकाकडून लेखी घ्या की हंगामभर दीड-दोन हेक्टरांचा एक तुकडा याच्या ताब्यात राहील आणि ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च तो विचारल्याशिवाय करील. ज्या मालकाला एवढेही मान्य नाही, त्याच्या माणसाची जागा दुसऱ्याला द्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

जर्मनीची पद्धतही बघण्यासारखी आहे. तिथे शेतीचे व्यवसायशिक्षण साधारण तीन वर्षांचे असते. त्यातला बराच काळ प्रत्यक्ष शेतावर जातो आणि जोडीला व्यवसायशाळा चालते. पुढे काही वर्षे काम केल्यावर ‘माइस्टर’ ही वरची परीक्षा देता येते. तिच्यात उत्पादनतंत्र आणि उद्योगाचा हिशेब यांच्याबरोबर शिकाऊंना शिकवणे आणि माणसे सांभाळणे हाही स्वतंत्र भाग आहे. आपल्या बहुतेक अभ्यासक्रमांत हा भाग नसतोच.

प्रश्न: ट्रॅक्टरचलित फवारणी यंत्राचे अंशांकन, म्हणजे हेक्टरी किती पाणी पडते ते मोजून यंत्र जुळवणे, मी प्रशिक्षणार्थींना सूत्रासह शिकवतो. परीक्षेत उत्तर बरोबर येते, शेतात औषध कमी-जास्त पडते. चूक कुठे होते?

उत्तर: सूत्रात घालायचे आकडे कोणी मोजत नाही, तिथे. वेग मीटरवरून वाचतात, नोझलचा प्रवाह माहितीपत्रकातून घेतात. दोन्ही शेतात वेगळे असतात.

टाकीत स्वच्छ पाणी अर्धे भरून सुरुवात करा. ज्या शेतात फवारणी आहे त्याच शेतात ५० मीटर आखून घ्या. रस्त्यावर मोजलेला वेग मऊ जमिनीत टिकत नाही, चाके घसरतात. ट्रॅक्टर आखलेल्या रेषेच्या आधीपासूनच चालत आलेला असावा. ५० मीटरला ४५ सेकंद लागले तर वेग ताशी ४ किलोमीटर. मग ट्रॅक्टर उभा करून, इंजिनाचे फेरे आणि दाब तोच ठेवून, प्रत्येक नोझलखाली मोजपात्र धरून एक मिनिट पाणी गोळा करा. प्रत्येक नोझलखाली, दोन-तीन नमुन्याला घेऊन भागत नाही.

समजा १२ नोझल आहेत, दोन नोझलमधले अंतर अर्धा मीटर, म्हणजे पट्टा ६ मीटरचा. प्रत्येकी सरासरी ०.८ लिटर, एकूण मिनिटाला ९.६ लिटर. आता ९.६ गुणिले ६००, भागिले वेग ४ आणि रुंदी ६ यांचा गुणाकार २४. हेक्टरी २४० लिटर येतात. चालक मात्र हेक्टरी २०० धरून चालला आहे. ४०० लिटरच्या टाकीत दोन हेक्टरांचे म्हणून २ लिटर औषध घालतो, आणि टाकी १.६७ हेक्टरांतच संपते. शिफारस हेक्टरी १ लिटरची, पडले १.२ लिटर. वीस टक्के जादा औषध गेले आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

जे नोझल त्याच्या ठरलेल्या प्रवाहापेक्षा १० टक्क्यांहून जास्त पाणी सोडते, ते झिजले आहे, बदला. कमी सोडणारे काढून मऊ ब्रशने धुवा. तारेने किंवा टाचणीने टोचले तर भोक मोठे होते आणि फवाऱ्याचा आकार कायमचा बिघडतो. तोंडाने फुंकर मारू देऊ नका, ही विषबाधेची सरळ वाट आहे. अर्धा मीटर अंतरावर ११० अंशांचे पंखाकृती नोझल असतील तर बूम, म्हणजे नोझल बसवलेला आडवा दांडा, पिकाच्या शेंड्यांपासून साधारण ५० सेंटीमीटर वर हवा. खाली आला की पट्टे राहतात, फार वर गेला की वाऱ्याने औषध उडते.

परीक्षा अशी घ्या: यंत्रात आदल्या दिवशी एक झिजलेले नोझल, एक अर्धवट तुंबलेले आणि एक वेगळ्या कोनाचे गुपचूप बसवून ठेवा. गाळणीत थोडी माती घाला. प्रशिक्षणार्थीला मोजपात्र, घड्याळ आणि टेप द्या आणि ‘हे यंत्र उद्या शेतात जाऊ शकते का?’ एवढाच प्रश्न विचारा. सूत्र पाठ असलेले यात अडकतात, मोजणारे सुटतात.

प्रश्न: व्यवस्थापकाला हिशेब किती यावा? आमच्याकडे ताळेबंद लेखापाल करतोच.

उत्तर: ताळेबंद गेल्या वर्षाचे सांगतो. व्यवस्थापकाला पुढच्या निर्णयाचा हिशेब यायला हवा, आणि त्यासाठी दोन-तीन गणिते पक्की झाली तरी बरेच काम भागते.

एक, यंत्र घ्यावे की भाड्याने आणावे. वर्षाचा ठरलेला खर्च, म्हणजे घसारा, व्याज, विमा आणि जागा, यांची बेरीज करा. तिला भाड्याचा हेक्टरी दर वजा स्वतःचा हेक्टरी चालू खर्च यांतल्या फरकाने भागा. भाडे हेक्टरी १०० एकक, स्वतःचे इंधन-चालक-दुरुस्ती ४० एकक आणि ठरलेला खर्च वर्षाला ४,८०० एकक धरला, तर ४,८०० भागिले ६० म्हणजे ८० हेक्टर. वर्षाला त्याहून कमी काम असेल तर भाडेच परवडते. घसारा काढायला खरेदी किमतीतून शेवटी येणारी किंमत वजा करून वापराच्या वर्षांनी भागायचे. नवशिके घसारा विसरतात, कारण त्याची पावती येत नाही. वेळेवर काम होण्याची किंमत या गणितात धरलेली नाही, ती वेगळी तोलावी.

दोन, जे कमी आहे त्याच्या मापाने पिकांची तुलना. एक पीक चालू खर्च वजा जाता हेक्टरी १२० एकक देते आणि त्याला ६०० मिलिमीटर पाणी लागते. दुसरे ९० एकक देते आणि ३०० मिलिमीटरमध्ये येते. हेक्टरी पाहिले तर पहिले सरस. पण पाणीच तोकडे असेल तर तेवढ्याच पाण्यात पहिल्याचा एक हेक्टर होतो, १२० एकक. दुसऱ्याचे दोन हेक्टर, १८० एकक. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर, हे पाठच करून घ्या. पंपाचा ताशी विसर्ग माहीत असला की उरलेला हिशेब तोंडी जमतो.

तिसरे गणित लहान बदलांसाठी आहे. कागदाच्या डाव्या बाजूला वाढणारे उत्पन्न आणि वाचणारा खर्च, उजवीकडे बुडणारे उत्पन्न आणि वाढणारा खर्च. डावी बेरीज जास्त असेल तर बदल विचारात घ्यावा. आधी होऊन गेलेला खर्च यात कुठेही येत नाही. ‘एवढे घातलेच आहे तर आता फवारून टाकू’ हा विचार इथेच गळून पडतो.

याशिवाय महिनावार रोकडीचा अंदाज तयार करायला शिकवा. फायद्यातले शेतसुद्धा खत घ्यायच्या महिन्यात हातात पैसे नसल्यामुळे अडते.

प्रश्न: मी व्यवस्थापक आहे. मजुरांना एखादे काम दहादा सांगितले तरी चुका होतात. ठिबकचे फिल्टर धुणे हे तर रोजचेच भांडण. कसे समजावू?

उत्तर: सांगण्याने हाताचे काम येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांत नव्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी चार पायऱ्यांची पद्धत बसवली गेली. शेतावर ती जशीच्या तशी चालते: शिकणाऱ्याला तयार करणे, करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे, आणि नंतर लक्ष ठेवणे.

त्याआधी तुम्ही एका कागदावर तीन रकाने करा: टप्पा, त्यातली मेख, कारण. जाळीच्या फिल्टरचे उदाहरण घ्या. फिल्टरच्या दोन्ही बाजूंचे दाबमापक वाचायचे, फरक ०.५ किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या वर गेला की धुवायचे. पंप बंद करायचा आणि दाब शून्यावर आल्याशिवाय झाकण उघडायचे नाही, कारण आतल्या दाबाने झाकण उडू शकते. जाळी काढून वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने घासायची आणि उजेडात धरून फाटली आहे का ते बघायचे. परत बसवताना रबरी रिंग खाचेत नीट बसली पाहिजे. खरी मेख ही रिंगच आहे. ती वाकडी बसली तर घाण पाणी जाळीला वळसा घालून थेट लॅटरलमध्ये, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळ्यांत, जाते. फिल्टर वरून स्वच्छ दिसतो आणि ड्रिपर तुंबत राहतात.

एकदा गप्प राहून करून दाखवा, दुसऱ्यांदा मेख सांगत, तिसऱ्यांदा कारण सांगत. मग त्याला करू द्या, आणि करता करता मेख व कारण त्याने बोलून दाखवावे. ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारू नका, त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. पहिल्या दिवशी दोनदा, त्या आठवड्यात एकदा आणि महिन्याने एकदा जाऊन बघा.

काम नीट होते का याचा पुरावा शेतातच आहे. चार लॅटरल निवडा: पहिली, एक तृतीयांशावरची, दोन तृतीयांशांवरची आणि शेवटची. प्रत्येकीवर तशाच चार जागी ड्रिपरखाली भांडे ठेवून सारखाच वेळ पाणी गोळा करा. सोळांपैकी सर्वांत कमी चारांची सरासरी भागिले सगळ्यांची सरासरी, गुणिले १००. नव्वदच्या वर उत्तम, ऐंशीच्या खाली आले की फिल्टर, दाब आणि लॅटरलची टोके तपासा. हा आकडा मजुरांसमोरच काढा. आपल्या कामाचा परिणाम डोळ्यांनी दिसला की भांडणाची गरज उरत नाही.

प्रश्न: आमचे मुकादम वीस वर्षे शेत सांभाळतात, शिक्षण कमी. त्यांना व्यवस्थापक करता येईल का?

उत्तर: नक्की येईल. प्रमाणपत्र बघण्याआधी काम करून घेऊन परीक्षा घ्या: अंशांकन, मातीचा नमुना, मजुरांची वाटणी, पिकाची पाहणी. जे येते ते पुन्हा शिकवून त्यांचा वेळ आणि मान घालवू नका. उणीव बहुधा टक्केवारी, औषधाच्या लेबलचे वाचन आणि नोंदी यांत असते. टक्केवारी खताच्या पोत्यावरूनच शिकवा: युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो. हेक्टरी ९२ किलो नत्र हवे तर २०० किलो युरिया, म्हणजे साधारण साडेचार पोती. लिहिण्याचा कंटाळा असेल तर मोबाइलवर आवाजात नोंद करू द्या आणि आठवड्याला कोणीतरी ती वहीत उतरवावी.

प्रश्न: प्रशिक्षणाचा उपयोग झाला हे कसे मोजावे? उत्पादन वाढले हे पुरेसे आहे का?

उत्तर: पुरेसे नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी प्रशिक्षण न घेतलेल्याचेही उत्पादन वाढते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर मांडले: शिकणाऱ्याची प्रतिक्रिया, काय शिकला, कामात काय बदलले, आणि फळ काय मिळाले. बहुतेक संस्था पहिल्या स्तरावर, म्हणजे अभिप्रायाच्या कागदावर थांबतात. शेतासाठी तिसरा स्तर सर्वांत उपयोगी. तीस आणि नव्वद दिवसांनी शेतावर जा आणि निर्णयवही, अंशांकनाची नोंद, फिल्टरचे दाब, हेक्टरी इंधन मागा. अंशांकनाची नोंद एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेली दिसली तर ती तुमच्यासाठीच लिहिली आहे असे समजा आणि यंत्र चालवून दाखवायला सांगा. उत्पादनाची तुलना करायचीच असेल तर त्याच वर्षीच्या, तशाच जमिनीच्या, प्रशिक्षण न घेतलेल्या शेताशी करा.

प्रश्न: सुरक्षेवर वेगळा दिवस द्यावा का?

उत्तर: वेगळा दिवस ठेवला तर तोच आधी रद्द होतो. प्रत्येक कामाच्या पाठातच सुरक्षा घाला. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा, सहसा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. कपड्याचे टोक अडकले तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. अवजाराला हात लावण्याआधी इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि शाफ्ट पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची. आवरण तुटलेले असेल तर ते बसेपर्यंत अवजार जोडायचे नाही, काम कितीही अडले तरी.

शेणाच्या बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो. जास्त प्रमाणात असला की त्याने वास घेण्याची जाणीवच बधिर होते, म्हणून ‘वास येत नाही’ ही खूण धरता येत नाही. आत पडलेल्याला काढायला उतरणारा दुसराही तिथेच कोसळतो. कोणीही आत उतरायचे नाही, बाहेरून मदत बोलवायची, हे कृत्रिम प्रसंग उभा करून घोटून घ्या. व्यवस्थापकाला धोकादायक काम थांबवायचा अधिकार नेमणूकपत्रातच लिहून द्या. गोदामाच्या दारावर आतल्या औषधांची यादी, जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक आणि शेताच्या फाटकापर्यंत वाहनाने कसे यायचे याचे दोन ओळींचे वर्णन लावा, आणि ते फोनवर वाचून दाखवायचा सराव रात्रपाळीच्या माणसाकडूनही करून घ्या.